जाळीच्या घुमटाचा इतिहास आणि त्याचे अंदाजपत्रक

महापालिकेच्या बागेत लहान मुलांना चढायला लोखंडी पाइपांचा एक अर्धगोल असतो, तो आपण सगळ्यांनी पाहिला आहे. उपड्या परातीसारखा दिसतो आणि सगळीकडे त्रिकोणच त्रिकोण असतात. एका वेळी पंधरा-वीस पोरं त्याला लोंबकळतात, तरी तो वाकत नाही. त्याला मधे खांब नाही, तुळई नाही, भिंत नाही. या रचनेला जिओडेसिक डोम म्हणतात. आपण त्याला जाळीचा घुमट म्हणू. गोलाच्या पृष्ठभागावर दोन ठिकाणांमधला जो सर्वांत जवळचा रस्ता, त्याला जिओडेसिक हे नाव आहे, आणि या घुमटाचे पाइप साधारण त्याच रस्त्यांनी जातात, म्हणून हे नाव पडले.

हा विषय निवडण्याचे कारण सांगतो. सभागृह, समाजमंदिर, विहार असे काही बांधायचे ठरले की बैठकीत कोणीतरी म्हणतोच, "खांब नकोत, मोकळं छप्पर पाहिजे, आणि खर्च कमी पाहिजे." या घुमटाची चित्रे दाखवून तो निम्म्या खर्चात होतो असे सांगणारेही भेटतात. पैसा वर्गणीचा असतो. ज्याने पन्नास रुपये दिले तोही विचारतो, की माझे पन्नास कुठे गेले. तेव्हा हा घुमट जगात कोणी बांधला, काय खर्च धरला, काय धरायचा राहिला आणि पुढे काय झाले, हे माहीत असावे, म्हणून हा लेख.

आधी त्रिकोणाची गोष्ट. चार काड्या टोकांना एकेक खिळा मारून चौकोन करा आणि कोपऱ्यातून दाबा, चौकोन लगेच तिरपा होईल. तीन काड्यांचा त्रिकोण करून दाबा, काडी मोडेल पण आकार बदलणार नाही. सगळे मर्म एवढ्यात आहे. त्रिकोणांचीच जाळी करून ती गोलावर बसवली, की एका ठिकाणी पडलेला भार चहूकडे वाटला जातो. त्यामुळे बारीक सामानातही मोठी जागा झाकता येते.

हा घुमट अमेरिकेच्या बकमिन्स्टर फुलरने शोधला असे बहुतेक ठिकाणी छापलेले असते. ते पूर्ण खरे नाही. जर्मनीत येना नावाच्या गावात झाइस ही भिंगे आणि दुर्बिणी बनवणारी कंपनी आहे. तिथले इंजिनियर वाल्टर बाउअर्सफेल्ड यांनी तारांगणाचे यंत्र तयार केले. आकाशातले तारे आतून दाखवायचे तर अगदी बरोबर गोल छत हवे. म्हणून १९२२ च्या सुमारास त्यांनी कारखान्याच्या गच्चीवर लोखंडी सळ्यांची त्रिकोणी जाळी उभी केली आणि तिच्यावर सिमेंटचा पातळ थर चढवला. पुढे १९२६ साली येना गावात तारांगणाची इमारत झाली, ती आजही चालू आहे. हे ध्यानात ठेवा, कारण पुढे याचा संबंध येणार आहे. बाउअर्सफेल्डच्या घुमटात जाळी आतमध्ये होती आणि बाहेरून सिमेंटचे एकसंध कवच होते. एकसंध म्हणजे सांधा नाही.

फुलर १८९५ साली जन्मला, १९८३ साली वारला. कॉलेजातून त्याला दोनदा काढले होते. पुढे त्याच्या नावावर पदव्यांची रांग लागली ती मानद. इमारतीचे वजन किती, हा त्याचा आवडता प्रश्न. जहाज बांधणाऱ्याला जहाजाचे वजन माहीत असते, विमानवाल्याला विमानाचे असते, मग घर बांधणाऱ्यालाच का नसावे, असा त्याचा रोख. प्रश्न बिनतोड आहे. लोखंड वजनावर विकत घेतात, वाहतूक वजनावर होते, पायाही वजनाप्रमाणे खोदावा लागतो. म्हणजे वजन कमी केले की खर्च कमी झाला. त्याचे अंदाजपत्रक या एका आकड्यावर उभे होते.

त्याचा पहिला मोठा प्रयोग १९४८ साली उत्तर कॅरोलिनातल्या ब्लॅक माउंटन कॉलेजात झाला. पैसे नव्हते, म्हणून खिडकीच्या पडद्याच्या धातूच्या पट्ट्या वापरल्या. विद्यार्थ्यांनी सगळे मापाप्रमाणे जोडले, उचलायला गेले, आणि घुमट उभाच राहिला नाही, जमिनीवर पसरून बसला. लोकांनी त्याला निजलेला घुमट असे नाव ठेवले. पुढच्या वर्षी विमानाला वापरतात त्या प्रकारच्या नळ्या घेऊन त्याने १४ फुटांचा लहान घुमट केला, तो मात्र उभा राहिला, आणि त्याला लटकून माणसांनी फोटो काढून घेतले. आकार तोच होता, फरक सामानाचा होता. जो कोणी बांबूच्या किंवा जुन्या पट्टीच्या भावात घुमट करून देतो म्हणतो, त्याला ही हकिगत विचारावी.

१९५३ साली फुलरला मोठे काम मिळाले. फोर्ड मोटर कंपनीची डेट्रॉइटजवळ डिअरबॉर्न येथे रोटुंडा नावाची गोल इमारत होती. मधले अंगण उघडे होते, आणि कंपनीच्या पन्नासाव्या वर्षानिमित्त त्यावर छप्पर हवे होते. अंगणाचा व्यास ९३ फूट. नेहमीच्या पद्धतीने पोलादी घुमट केला तर वजन १६० टन भरेल असा अंदाज निघाला, आणि तेवढा भार खालच्या जुन्या भिंती पेलणार नव्हत्या. फुलरने ॲल्युमिनियमची जाळी करून दिली. तिचे वजन भरले साडेआठ टन. एकशे साठ आणि साडेआठ! हा आकडा जगभर गाजला आणि पुढच्याच वर्षी, १९५४ साली, त्याला घुमटाचे पेटंटही मिळाले.

त्यानंतर १९५६ सालचे काबूल. अफगाणिस्तानात आंतरराष्ट्रीय जत्रा भरणार होती, रशिया आणि चीनचे मंडप येणार होते, आणि अमेरिकेची तयारी काहीच नव्हती. फुलरच्या माणसांनी १०० फूट व्यासाचा घुमट तयार करून एकाच विमानात घालून पाठवला. ॲल्युमिनियमच्या ४८० नळ्या, आतून टांगायला नायलॉनचे कापड. सगळे मिळून वजन ९,२०० पौंड, म्हणजे सव्वाचार टनांच्या आत. काबूलच्या मजुरांनी असले काम कधी पाहिले नव्हते. नळ्यांच्या टोकांना रंग दिलेले होते, आणि निळे टोक निळ्याला, लाल टोक लालला जोडायचे, एवढेच त्यांना सांगितले. ४८ तासांत घुमट उभा! पुढे तोच घुमट सोडून दुसऱ्या देशांच्या प्रदर्शनांत नेला गेला.

काबूलची ही गोष्ट मला मनापासून आवडते. इंजिनियरने डोकं आधीच कागदावर लावून ठेवले, म्हणून न शिकलेल्या हातांना बिनचूक काम करता आले. पण हिशोबाच्या दृष्टीने पाहा. तो मंडप काही दिवसांचा होता. कापडाचा होता. त्यात कोणी राहणार नव्हते, त्याच्यावर वर्षानुवर्षे पाऊस झेलायची जबाबदारी नव्हती. मंडपाचा भाव वेगळा आणि घराचा भाव वेगळा, हे आपल्याकडे लग्नाचा मांडव घालणारासुद्धा जाणतो. लोकांनी मात्र मंडपाचा भाव ऐकून घरे बांधायला घेतली.

आता आपण स्वतःच एक अंदाजपत्रक मांडून पाहू. ३० फूट व्यासाचा आणि मधोमध १५ फूट उंचीचा अर्धगोल घेऊ, म्हणजे शंभरेक माणसे मांडी घालून बसतील एवढा. मी रुपये लिहीत नाही, कारण लोखंडाचा दर दर महिन्याला बदलतो. नग आणि फूट बदलत नाहीत. तुम्ही तुमच्या बाजाराचा दर घालून गुणाकार करा.

सर्वांत साध्या जातीच्या जाळीत एकूण ६५ पाइप लागतात आणि त्यांची फक्त दोन मापे असतात. ३५ लांब आणि ३० आखूड. १५ फूट त्रिज्येला लांब पाइप भोकापासून भोकापर्यंत ९ फूट ३ इंच २ सूत येतो, आणि आखूड ८ फूट २ इंच ३ सूत. टोके चपटी करून त्यात भोक पाडायचे, म्हणून दोन्हीकडे इंचभर जास्त ठेवावे लागते. हे सगळे मिळून पाइप भरतो सुमारे ५८० फूट. बाजारात पाइप ६ मीटरचा, म्हणजे १९ फूट ८ इंचांचा मिळतो. एका पाइपातून लांब तुकडे दोनच निघतात, आखूडही दोनच. म्हणजे ३३ पाइप विकत घ्यावे लागतात, त्यांची लांबी ६५० फूट. सत्तरेक फूट पाइप तुकड्यांत गेला. सांगणारा माणूस तुम्हाला ५८० फुटांचा खर्च सांगतो आणि दुकानदार ६५० फुटांचे बिल देतो. पहिली तफावत इथेच पडते.

जोड किती? एकूण २६. सहा ठिकाणी पाच पाइप एकत्र येतात, दहा ठिकाणी सहा, आणि जमिनीलगत दहा ठिकाणी चार. प्रत्येक जोडाला एक जाड बोल्ट धरला तर बोल्ट २६ च लागतात, ऐकायला स्वस्त वाटते. पण ६५ पाइपांना टोके १३०. ती १३० टोके चपटी करायची, ठरलेल्या कोनात किंचित वाकवायची, १३० भोके पाडायची. त्यात पाच-सहा भोके दोन-तीन सूत इकडेतिकडे गेली, तर खालून जोडत जाल तेव्हा काही कळणार नाही, पण वर शेवटचा बोल्ट घालताना भोकावर भोक येणार नाही. म्हणून आधी लाकडाचा किंवा लोखंडाचा साचा करून घ्यायचा, सगळे पाइप त्याच साच्यात धरून भोके पाडायची. साच्याचा खर्च, ड्रिल मशीनचे भाडे, दोन माणसांची चार-पाच दिवसांची हजेरी, हे सगळे कागदावर आले पाहिजे. हौशी कार्यकर्ते फुकट करतील असे गृहीत धरणारे अंदाजपत्रक मला पटत नाही. माणूस फुकट राबला तरी त्याचा दिवस खर्च झालेला असतो, तो दिवस निदान लिहून तरी ठेवावा.

इथपर्यंतचा हिशोब खरोखर घुमटाच्या बाजूने आहे, ते नाकारता येत नाही. आत दहा कोनांची जमीन मिळते ६६१ चौरस फूट. वरचे सगळे त्रिकोण मिळून झाकायचे क्षेत्र १,३१२ चौरस फूट. तेवढ्याच जमिनीची चौकोनी खोली बांधली, दहा फूट भिंती आणि सपाट छत, तर भिंती आणि छत मिळून १,६९० च्या आसपास भरते. म्हणजे पावणेचारशे फूट सामान वाचले. आणि मध्ये खांब नाही, वर तुळई नाही. फुलर खोटे बोलत नव्हता.

आता झाकण घालायला घ्या. त्रिकोण ४०. दहा त्रिकोणांच्या तिन्ही बाजू सारख्या, उरलेले तीस जरा बसके. प्लायवूडची शीट येते ८ बाय ४ ची. आपल्या त्रिकोणाची बाजू सव्वानऊ फूट. एकही त्रिकोण एका शीटमध्ये बसत नाही. प्रत्येकाला जोड द्यावा लागतो आणि कापलेले तिरपे तुकडे दुसऱ्या कशाला लागत नाहीत. पत्र्याचेही तेच. बाजारातले सगळे सामान चौकोनी येते, कारण घरे चौकोनी असतात. खिडकी, दरवाजा, कपाट, फळा, सतरंजी सगळे चौकोनी. ज्याने गोल घर मागितले त्याला प्रत्येक वस्तू मुद्दाम बनवून घ्यावी लागते, आणि मुद्दाम बनवण्याचा भाव तुम्हाला ठाऊक आहे.

यापुढचा आकडा सर्वांत महत्त्वाचा. या ४० त्रिकोणांच्या मधे किती फूट सांधा आहे? जमिनीलगतचे दहा पाइप सोडले तर उरलेल्या ५५ पाइपांवर दोन्ही बाजूंनी त्रिकोण टेकतात. त्यांची लांबी मोजा. ४७८ फूट होते. पावणेपाचशे फूट सांधा, आणि तो सगळा उघड्यावर, उन्हापावसात. उतरत्या छपराला पत्रा पत्र्यावर चढतो, कौल कौलावर चढते, म्हणून पाणी आपोआप खाली जाते. घुमटात अशी चढण देणे अवघड जाते. शेंड्याजवळचे त्रिकोण जवळजवळ आडवे, तिथे पाणी रेंगाळते. आणि उन्हाने पाइप लांबतो, रात्री आखडतो, सांध्यात भरलेला मसाला तडकतो.

गिरणीत काम केलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. खात्यावर उत्तरेचा उजेड यावा म्हणून करवतीच्या दातांसारखी छपरे असत. पाणी गळायचे ते पत्र्यातून नव्हे, दोन दातांच्या मधल्या पन्हळीतून. पावसाळ्यात सूत भिजायचे ते नेमके पन्हळीखालचे. साहेब लोक पत्रा बदलत आणि पाणी तिथेच गळत राही. छप्पर गळते ते सांध्यात.

घुमटांचेही तसेच झाले. फुलर १९६० साली इलिनॉयमधल्या कार्बनडेल गावी स्वतः घुमटाच्या घरात राहायला गेला. लाकडी त्रिकोणांचे ३९ फुटी घर, जोडायला एक दिवसही लागला नाही. ते गळू लागले, तेव्हा वरून डांबरी कवले ठोकावी लागली. म्हणजे एका दिवसात उभ्या राहिलेल्या घरावर पुन्हा दुसरे छप्पर आले. पहिल्या अंदाजपत्रकात ते कुठे होते?

१९६५ साली कोलोरॅडोतल्या ट्रिनिडॅडजवळ काही तरुण चित्रकारांनी माळरानाचा तुकडा घेतला, किंमत साडेचारशे डॉलर. त्याला नाव दिले ड्रॉप सिटी. भंगारातल्या मोटारींचे टप कुऱ्हाडीने कापून आणले, चिल्लर भावात मिळाले ते, आणि त्यांचे रंगीबेरंगी घुमट केले. फुलरने त्यांना १९६७ साली बक्षीसही दिले. गरिबाच्या खिशाला परवडणारे घर म्हणून त्याचे फोटो छापून आले. पण पुढच्या पाच-सहा वर्षांत वस्ती रिकामी झाली. त्यांची आपापसातली भांडणे, पाहुण्यांची गर्दी, ही कारणे होतीच. घर बांधायचा खर्च जवळजवळ शून्य होता तरी ते चालवायचा खर्च शून्य नव्हता.

या बाबतीत सर्वांत प्रामाणिक माणूस मला लॉइड कान वाटतो. कॅलिफोर्नियात त्याने शाळेच्या मुलांबरोबर एकामागून एक घुमट बांधले आणि १९७० व १९७१ साली घुमट कसा बांधावा याची दोन पुस्तके काढली. पुस्तके हातोहात खपली. पण त्या घुमटांत राहिल्यावर त्याला दिसले की सांधे गळतात, सामान वाया जाते, मधे भिंत घालून खोल्या पाडता येत नाहीत, एका कोपऱ्यात कुजबुजले तर दुसरीकडे ऐकू येते. त्याने आपले खपणारे पुस्तक छापणे बंद केले आणि १९७३ साली जगभरच्या साध्या घरांवर दुसरे पुस्तक काढले. चालते दुकान स्वतःच्या हाताने बंद करणारा माणूस मी फारसा पाहिलेला नाही.

आवाजाचा मुद्दा सभागृहाला फार लागू पडतो. गोल छत आवाज गोळा करून मध्याकडे परत फेकते. वक्ता बोलतो एक, घुमते दुसरेच. मग आतून कापड, काथ्या किंवा असेच काही लावावे लागते. गरम हवा वर साठते, तिला शेंड्याला भोक हवे, आणि भोक म्हटले की पुन्हा सांधा. दरवाजासाठी खालचा पाइप काढावा लागतो, तर त्याच्या जागी भक्कम चौकट द्यावी लागते, नाहीतर जाळीचे बळ तिथेच तुटते. हलके आहे म्हणून पाया नको, असे म्हणणाराला जवळ करू नका. जड इमारत आपल्या वजनाने बसून राहते, हलकी इमारत वारा उचलतो. दहाही पाय जमिनीत बांधून टाकावे लागतात.

मोठ्या घुमटांची अखेर कशी झाली तेही पाहण्यासारखे आहे. साडेआठ टनांचे नाव झालेला फोर्डचा घुमट गळत असे. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी त्याचे सांधे पाण्यासाठी बंद करण्याचे काम चालू असताना तापवलेल्या मसाल्याने पेट घेतला आणि सगळी रोटुंडा जळून गेली. १५१ टन वाचवले, आणि सांध्यापायी इमारतच गेली. कॅनडात माँट्रियलला १९६७ च्या जागतिक प्रदर्शनात अमेरिकेचा घुमट होता, व्यास २५० फूट, उंची २०० फूट, वरून ॲक्रिलिकचे पारदर्शक कवच. तोही १९७६ च्या मे महिन्यात दुरुस्तीचे काम चालू असताना पेटला. कवच भराभर जळून गेले, पोलादी जाळी तेवढी उभी राहिली. १९९५ पासून तिथे पर्यावरणाचे संग्रहालय आहे. जाळीवर पुन्हा कवच घातले नाही. आतमध्ये वेगळी इमारत बांधली.

लुइझियानात रेल्वेच्या टाक्या दुरुस्त करायला १९५८ साली ३८४ फुटी घुमट झाला होता, त्या वेळी मधे खांब नसलेली एवढी मोठी इमारत जगात दुसरी नव्हती. २००७ साली तो पाडला. दक्षिण ध्रुवावर अमेरिकेचा १९७५ सालचा घुमट बर्फाखाली दबत गेला, शेवटी २००९-१० च्या उन्हाळ्यात सुटा करून परत नेला. तो मात्र आपले काम करून गेला. त्याच्या पोटात वेगळ्या खोल्या होत्या, घुमटाने फक्त वारा अडवायचा होता. येनाचे तारांगण शंभरीला आले तरी चालू आहे, ते वजनाच्या हिशोबात फुलरपुढे कधीच टिकले नसते. सळ्यांवर सिमेंट चढवायला मजुरी जास्त, वेळ जास्त, वजन जास्त. फक्त सांधा नाही. माझे स्वतःचे मत असे, की आपल्या पावसात घुमटच पाहिजे असेल तर तो सिमेंटच्या कवचाचाच करावा, आणि सुट्या त्रिकोणांची जाळी मंडपासाठी, प्रदर्शनासाठी, मुलांच्या बागेसाठी ठेवावी.

आता आपल्या देशातल्या घुमटाविषयी. अहमदाबादच्या कॅलिको मिलचे मालक साराभाई. १९१८ साली अहमदाबादच्या गिरणी कामगारांचा जो लढा गांधीजींनी लढवला, त्यात मालकांच्या बाजूने अंबालाल साराभाई होते आणि कामगारांच्या बाजूने त्यांची सख्खी बहीण अनसूयाबेन. अंबालाल यांची मुले गौतम आणि गिरा यांनी फुलरच्या कामावरून स्फूर्ती घेऊन १९६२ च्या सुमारास रिलीफ रोडवर कॅलिको डोम उभारला. मिलचे कापड विकण्याचे ते दुकान. दुकान जमिनीखाली, वर त्रिकोणांचा घुमट. सत्तरच्या दशकात शहरातला पहिला फॅशन शो तिथे झाला आणि त्यात त्या वेळी कॉलेजात शिकणारी परवीन बाबी होती. कापड घ्यायचे नसले तरी माणसे घुमट बघायला जात.

त्या घुमटाच्या देखभालीचे पैसे कुठून येत? गिरणीतून, म्हणजे कापडातून. साच्यावरचा कामगार जे विणत होता त्यातूनच घुमटाचे सांधे बुजवले जात होते. नव्वदच्या दशकात कॅलिको मिल बंद पडली. कामगार बाहेर आले, दुकानालाही टाळे लागले. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात घुमटाचा मधला भाग खाली आला, आणि त्यानंतरच्या पावसाने जमिनीखालच्या दुकानाची नासाडी केली. २००६ साली अहमदाबाद महानगरपालिकेने वारसा म्हणून ती जागा लिक्विडेटरकडून विकत घेतली. म्हणजे मालकाने हौसेने बांधलेला आणि कामगारांच्या मेहनतीवर टिकलेला घुमट शेवटी शहराच्या करातून, म्हणजे पुन्हा लोकांच्याच वर्गणीतून, विकत घ्यावा लागला.

तेव्हा आपल्या बैठकीत कोणी घुमटाचे अंदाजपत्रक घेऊन आला तर पाइपाच्या आणि पत्र्याच्या ओळी वाचून झाल्यावर त्याला पुढच्या ओळी विचारा. तुकड्यांत किती जाणार? साचा आणि मजुरी धरली का? सांधा एकूण किती फूट, आणि त्यात काय भरणार? ते किती वर्षांनी पुन्हा भरायचे, आणि त्या वर्षी वर चढणार कोण? पहाड कुठून आणणार आणि त्याचे भाडे कोणत्या खात्यातून देणार?

३० फुटी घुमटासाठी हा आकडा ४७८ फूट आहे.